पुढचा सोमवार

आमच्या गावाकडे मोटारसायकलीला फटफटी म्हणत. वडील प्राथमिक शिक्षक. विट्याच्या आसपासच्या गावांत त्यांच्या बदल्या होत आणि प्रत्येक बदलीबरोबर आमची राजदूत फटफटीही गाव बदलीत असे. तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, थंडीत ती दहा लाथा खाल्ल्याखेरीज जागी होत नसे आणि पावसाळ्यात ओढ्याच्या मधोमध थांबण्याची तिला फार हौस होती. पण ती थांबली म्हणून वडील कधी शाळेत उशिरा पोहोचल्याचे मला आठवत नाही. बाजूच्या डब्यात एक पाना, पॉलिशपेपरचा तुकडा, जुना दात घासायचा ब्रश आणि फडक्यात गुंडाळलेला एक जादा प्लग एवढी सामग्री असे. वडील धोतराचा सोगा आवरून रस्त्याकडेला उकिडवे बसत, प्लग काढून त्यावरची काजळी खरवडीत, फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. पाचव्या मिनिटाला फटफट सुरू होई. त्यामुळे यंत्र बिघडले की ते दुरुस्त करायचे असते, आणि दुरुस्त करण्यास लागतो तेवढाच वेळ त्याला लागतो, अशी माझी लहानपणापासून भाबडी समजूत होऊन बसली.

ही समजूत गेल्या वर्षी दिल्लीत पुसली गेली.

माझी स्वतःची मोटारसायकल तीन वर्षांची. ती कोणत्या कंपनीची, हे सांगण्याचे कारण नाही. हा अनुभव एकाच कंपनीपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरजही पडली नसती. आम्ही राहतो यमुनापार. पत्नी एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले निम्मे दिवस तिची दुपारची पाळी असते आणि ती रात्री नऊला सुटते. प्रत्यक्षात पुढच्या पाळीच्या परिचारिकेकडे सारे रुग्ण सोपवून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ वाजतात. तेव्हा कचेरी सुटल्यावर घरी येऊन मुलीला जेवू घालायचे, तिला शेजारच्या आजींकडे बसवायचे आणि गाडी काढून रुग्णालयाच्या फाटकाशी उभे राहायचे, हा माझा नेम. त्या अर्ध्या तासाच्या परतीच्या वाटेवरच आमचे दिवसभराचे बोलणे होई. संसारातील पुष्कळ महत्त्वाचे निर्णय आम्ही लाल दिव्यापाशी थांबलेलो असताना घेतले आहेत.

फेब्रुवारीतल्या एका रात्री यमुनेच्या पुलावर गाडीचा दिवा मंद होऊ लागला. आधी वाटले, धुके असेल. मग भोंग्याचा आवाज बसला आणि पूल उतरण्यापूर्वीच यंत्र बंद पडले. मी सवयीने वाकून पाहिले. पण पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. सारे काळ्या झाकणांच्या आत. दोघांनी मिळून गाडी ढकलीत घरी नेली. "बाबांची फटफटी असती तर," पत्नी हसून म्हणाली, "तुम्ही आता रस्त्यात बसून फुंकर मारली असती."

दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात पोहोचवली. तिथला तरुण सल्लागार मोठा अदबशीर. त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, जॉब कार्ड भरले आणि दोन तासांनी निदान सांगितले: रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला आहे. हा हाताच्या तळव्यात मावेल एवढा, पाठीवर धातूची पाती असलेला डबा. यंत्र फिरू लागले की जी वीज तयार होते ती दिशा बदलत वाहणारी असते; तिला एकाच दिशेला लावून, साधारण चौदा व्होल्टच्या मर्यादेत ठेवून बॅटरीत पाठवणे हे त्याचे काम. तो बिघडला की बॅटरी भरत नाही. उलट कधी कधी नको तितकी भरून तापते. पूर्वी कार्ब्युरेटरच्या पुष्कळ गाड्या बॅटरी उतरली तरी लाथ मारून किंवा ढकलून सुरू करता येत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून फवारण्याचे काम विजेवर चालणाऱ्या पंपाकडे व छोट्या संगणकाकडे गेले. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. दिल्लीत राहणाऱ्याने तरी त्याबद्दल तक्रार करू नये. पण त्याचा अर्थ असा की, आता बॅटरी मेली म्हणजे गाडीच मेली.

"भाग हमीत बसतो, साहेब. एक पैसा पडणार नाही," सल्लागार म्हणाला. "फक्त सध्या शिल्लक नाही. मागवला आहे. पुढच्या सोमवारी या."

जॉब कार्डावर त्याने 'अपेक्षित तारीख' या रकान्यात तो सोमवार लिहिला. भाषांतराचा व्यवसाय असल्यामुळे माझी नजर त्या शब्दावर अडली. अपेक्षा कोणाची, हे त्या रकान्यात लिहिलेले नव्हते. पुढे कळले की ती माझीच होती. कंपनीची तशी काही अपेक्षा नव्हती.

पुढच्या सोमवारी भाग 'मार्गात' होता. त्यापुढच्या सोमवारीही तो मार्गातच होता. आळंदीहून निघालेली पालखी पायी चालत, मुक्काम करीत, रिंगणे करीत आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी नेमकी पंढरपुरास पोहोचते. हा तळव्याएवढा डबा मात्र ट्रकात बसून येत असूनही कोणत्या मुक्कामी रमला होता कोण जाणे. तिसऱ्या सोमवारी आला तो भाग दुसऱ्याच गाडीचा निघाला. चौथ्या सोमवारी सल्लागार रजेवर होता. दूरध्वनी केला तर एक मंजुळ ध्वनिमुद्रित आवाज माझा दूरध्वनी त्यांना किती महत्त्वाचा आहे हे सांगे आणि नंतर सतार ऐकवी. त्या महिन्यात मी जेवढी सतार ऐकली तेवढी एरवी वर्षभरातही ऐकत नाही.

प्रतीक्षाकक्षातल्या गार हवेत बसून काचेपलीकडे पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पलीकडे नव्या गाड्यांचे दालन होते. तिथे आलेले एक नवविवाहित जोडपे तासाभरात कर्जासह सारे कागद पुरे करून गाडी पसंत करून मोकळे झाले. त्याच गाडीत तो डबा बसवलेला होता. मला मात्र तो मिळत नव्हता. वडिलांच्या पिढीचा अनुभव याच्या अगदी उलट. १९९१ पूर्वीच्या परवान्यांच्या काळात उत्पादनावरच मर्यादा असे आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. नोंदणी लग्नाआधी आणि स्कूटर मूल शाळेत जाऊ लागल्यावर, अशी कुटुंबे माझ्या माहितीत आहेत. पण एकदा गाडी घरी आली की तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत आणि पिंपळाखालचा मिस्त्री ते बसवून देई. तेव्हा गाडीसाठी थांबावे लागे. आता गाडी लगेच मिळते आणि थांबावे लागते ते तिच्या तुकड्यासाठी. प्रतीक्षा काही संपली नाही. तिची फक्त जागा बदलली.

ही बदलही आपोआप होत नाही. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने फक्त अधिकृत केंद्रांतच मिळावीत, अशी व्यवस्था पुष्कळदा मुद्दाम केलेली असते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी १४ मोटारनिर्मात्या कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण स्वतंत्र कारागिराला भाग व माहिती न मिळाल्याने ग्राहकाची निवड हिरावली जाते, हे त्या आदेशाने स्पष्ट शब्दांत मांडले. तो निकाल चारचाकी मोटारींबाबतचा. परंतु दोन चाकांवर बसणाऱ्यालाही त्याचा अर्थ समजण्यासारखा आहे.

हे सारे मी सोसले असते. कचेरीला मेट्रोने जाता येते आणि वाट पाहण्याने कोणी मरत नाही, असे मी स्वतःला सांगत होतो. पण वाट मी एकटाच पाहत नव्हतो.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. पाळी सुटल्यावर पत्नी बसने निघाली होती. बस वाटेत बिघडली. मागची बस येईना, तेव्हा मेट्रोचे स्थानक गाठावे म्हणून ती उड्डाणपुलाखालून चालू लागली. तेवढ्यात दोन तरुण एका मोटारसायकलीवरून तिच्या पावलांच्या गतीने बाजूने चालू लागले. ते काय बोलले हे तिने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. समोर एक औषधांचे दुकान उघडे दिसले, तिथे ती शिरली आणि तिथून मला दूरध्वनी केला. रिक्षा करून मी पोहोचलो तेव्हा ती दुकानातल्या स्टुलावर, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली होती. दुकानदाराने अर्धे दार ओढून घेतले होते आणि आपली बंद करण्याची वेळ टळली तरी तो तिच्यासाठी थांबला होता. दिवसाकाठी वीस-वीस रुग्णांच्या शिरा शोधणारे तिचे हात पाण्याचा पेला धरताना कापत होते.

घरी आल्यावर मी म्हणालो, "करोलबागेत एक मिस्त्री आहे म्हणतात. पण बाहेर गाडी उघडली तर हमी जाईल असे सेवाकेंद्रवाले सांगतात. अजून पाच महिने आहेत हमीचे."

ती शांतपणे म्हणाली, "अहो, हमी गाडीला आहे. मला कुठे आहे?"

त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी परत मागितली. केंद्राच्या व्यवस्थापकाने एक छापील कागद पुढे केला: ग्राहक आपली गाडी दुरुस्तीविना, स्वेच्छेने नेत आहे. आयुष्यभर इतरांच्या मजकुरातील शब्द सुधारणाऱ्या माणसाला हा शब्द सोसणे कठीण होते. 'स्वेच्छेने' खोडून मी वर 'निरुपायाने' लिहिले आणि मग सही केली. बाहेर पडताना तो अदबशीर सल्लागार मागोमाग आला. त्याने रात्रभर बॅटरी यंत्रावर लावून भरून ठेवली होती. "एवढ्यावर करोलबाग गाठाल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "भाग मी मागवू शकतो, साहेब, आणू शकत नाही. दिवसाला तीस लोक माझ्यावर रागावतात. माझी स्वतःची गाडीही आतच उभी आहे." तोवर माझ्या मनात त्याच्याविषयी जो राग साठला होता, तो तिथेच गळून पडला. ज्यांनी त्या भागाचे कोठार रिकामे ठेवले ते काचेपलीकडे कधीच दिसत नाहीत. दिसतो तो हा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा.

करोलबागेची वाट मला दाखवली ती आमच्याकडच्याच एका माणसाने. खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले आहेत. दिल्लीही त्याला अपवाद नाही. त्यांपैकी एकाने मला पाहताच ओळखले. "मास्तरांचं पोरगं न्हवं तुमी? मग फटफटीसाठी रडताय व्हय!" असे म्हणून त्याने मला नाईवाला गल्लीकडे नेले. मोटारसायकलीचे असे कोणतेही अंग नाही जे त्या भागात दोरीला टांगलेले सापडणार नाही. तिथे एका बोळात सत्तरीचे एक शीख गृहस्थ लाकडी पेटीवर बसले होते. सारे त्यांना उस्ताद म्हणत.

उस्तादांनी यंत्र सुरू करायला लावले आणि बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. आकडा बारा व्होल्टच्या आसपास घुटमळत खाली उतरू लागला. "निदान बरोबर आहे," ते हिंदीत म्हणाले, "पण अर्धे." त्यांनी त्या डब्याची जोडणी उपसून माझ्या हातावर ठेवली. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा करपून तपकिरी झाला होता. जोड सैल पडला की तिथे अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता वाढते आणि उष्णता आधी जोडाला, मग डब्याला खाते. "नवा डबा आला असता तरी या जोडाने तोही खाल्ला असता. सहा महिन्यांनी पुन्हा तोच सोमवार."

बाजारात त्या डब्याची नक्कल मिळत होती. मी ती घ्यायला निघालो तेव्हा उस्तादांनी हात आडवा केला. "बेटा, ही लावून देईन, पैसे घेईन. पण रात्री घरची बाई मागे बसली असताना ही दगा देणार नाही, असे मी सांगू शकत नाही." मग त्यांनी अपघातात मोडलेल्या, भंगारात आलेल्या त्याच जातीच्या एका गाडीचा मूळ डबा आतून शोधून आणला, मीटरवर दोनदा तपासला, जोडणी नवी घातली आणि तारांवर आवरण चढवले. आकडा चौदाला जाऊन स्थिर राहिला. सारे मिळून नऊशे रुपये झाले. "तुमचा नवा आला," ते म्हणाले, "की हा परत आणून द्या. दुसऱ्या कोणाचे अडलेले निघेल."

त्या रात्री मी पुन्हा रुग्णालयाच्या फाटकाशी उभा होतो. पत्नी बाहेर आली, गाडीकडे पाहिले आणि काही न बोलता मागे बसली. पुलावर आल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढेच.

हमीचा हक्क मात्र मी सोडला नव्हता. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जॉब कार्ड, प्रत्येक सोमवारच्या तारखा व संदेश जोडले. पंधरवड्यात कंपनीच्या मुख्य कचेरीतून दूरध्वनी आला. यावेळी सतार न ऐकता. गाडी बंद पडल्यापासून त्रेसष्टाव्या दिवशी भाग आला आणि विनामूल्य बसवला गेला. हमी गेली असे कोणी म्हणाले नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आपणापैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल म्हणून दोन शब्द सांगतो. तोंडी वायदा ऐकून घ्यावा, पण तारीख कागदावर मागावी. जॉब कार्डाची प्रत जपावी. बदललेला जुना भाग परत मागावा. आणि रागाच्या भरात बोलण्याऐवजी थोडक्यात लेखी विचारावे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. वस्तूसाठी वा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. या कायद्यांच्या किती तरी आधी, १९७५ मध्ये, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी एकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे दहाजणांचे केले, याचा मराठी माणसाला सार्थ अभिमान वाटावा. दुरुस्तीचा हक्क हा विषयही आता सरकारदरबारी पोहोचला आहे. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ सुरू झाले. त्यात मोटारगाड्यांच्या क्षेत्राचाही समावेश आहे. जुन्या गाडीला किती वर्षे भाग मिळालेच पाहिजेत, याचे उत्तर ती विकत घेतानाच मिळू लागले तर या खटाटोपाचे सार्थक होईल.

उस्तादांचा डबा मी परत नेऊन दिला. तो पुसून त्यांनी फळीवर ठेवला. पुढच्या खेपेला पाहिले तर फळीवर नव्हता. एका दूधवाल्याच्या गाडीत बसून तो पहाटेच्या फेऱ्या करीत होता.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात कचेरीत टेबलाचा खण आवरताना एक लेख हाती लागला. बडोद्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी पाठवलेला. सोबत त्यांची तीन पत्रे. पहिल्यात लेखाविषयी विचारणा, दुसऱ्यात नम्र स्मरण आणि तिसऱ्यात एवढेच, की लेख घेणार नसाल तरी कळवावे. तिन्ही पत्रांवर माझ्याच हस्ताक्षरात शेरा होता: 'विचाराधीन. पुढील बैठकीत.' ती बैठक बहुधा सोमवारीच असते. आठ महिन्यांत ती कितीदा तरी झाली होती.

मी तो लेख त्या दिवशी बसून वाचला. चांगला होता, पण दिवाळीवरचा होता आणि ती दिवाळी होऊन गेली होती. वेळेवर वाचला असता तर छापता आला असता. मी त्यांना तसेच सरळ लिहिले, आपली चूकही लिहिली आणि लेख परत पाठवला. आठवड्याने त्यांचे पोस्टकार्ड आले. नकाराबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उत्तर आल्याने रोज टपालवाल्याची वाट पाहणे संपले, याबद्दल त्यांनी आभार मानले होते.

ते कार्ड मी खणात ठेवले नाही. टेबलावर काचेखाली ठेवले आहे. खणात आणखी अकरा लेख होते. त्यांतील सात जणांना उत्तरे गेली आहेत. उरलेल्या चौघांना कोणत्या तारखेपर्यंत कळवीन, ते लिहून पाठवले आहे. तारीख सोमवारची घातलेली नाही.